बेटभर बहिणी

सेमिसी नर्स व्हायला निघाला तेव्हा त्याच्या मामांनी कावा, म्हणजे मुळांचं गुंगी आणणारं पेय, पीत बसलेल्या बैठकीत एकच प्रश्न विचारला, "म्हणजे तू झगा घालणार का रे?"

बैठक हसली. सेमिसी सगळ्यात मोठ्यानं हसला. ती त्याची लहानपणापासूनची युक्ती होती. दुसऱ्यानं हसायच्या आत आपणच आपल्यावर हसून घ्यायचं, म्हणजे चटका कमी बसतो. शाळेत सगळे म्हणायचे, एवढा धिप्पाड गडी, रग्बी खेळत असणार. तो म्हणायचा, "खेळतो की. परवाच चेंडूवर पडलो. चेंडू अजून आजारी आहे." त्याचा एकेक पंजा म्हणजे झाडावरचा पिकलेला नीरफणस. असल्या पंजाला सलाईनची सुई द्यायची म्हणजे रेड्याला सुईत दोरा ओवायला लावण्यासारखं, असंही तोच सांगायचा.

पण नर्सिंगच्या शाळेत तो गेला आणि टिकलाही. अख्ख्या वर्गात तो एकटाच पुरुष. त्याच्या मापाचा गणवेश नव्हता म्हणून मुलींचे दोन अंगरखे उसवून त्याचा एक शिवला. त्यामुळे त्याच्या पाठीवर मधोमध वरपासून खालपर्यंत एक शिवण होती, आणि वाकला की ती कुरकुरायची. कपडे बदलायची खोली एकच, तिच्या दारावर बाईचं चित्र. सेमिसी जनरेटरच्या खोलीत कपडे बदलायचा. तिथे एक कोंबडी अंड्यावर बसलेली असे. "तिनं मला आपला मानलंय," तो म्हणायचा, "फक्त शर्ट काढला की मान फिरवते."

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. घोडं अडलं बाळंतपणापाशी.

नियम साधा होता. शेवटच्या परीक्षेआधी निदान एक बाळंतपण पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं, हातानं मदत करायची, आणि वॉर्डच्या सिस्टरनं 'हो, यानं केलं' म्हणायचं. नाहीतर परीक्षेला बसता येत नाही. राजधानीत मुलींची रांग पुढे आणि हा कायम मागे. शेवटी शाळेनं त्याला महिन्याभरासाठी आमच्या बेटावर, म्हणजे त्याच्याच बेटावर, पाठवलं. म्हणाले, तिथे बाळंतपणं पुष्कळ आहेत आणि नर्स कुणी नाही, तुझं काम चुटकीसरशी होईल.

यातली दुसरी गोष्ट खरी होती. आमच्या हॉस्पिटलातल्या निम्म्या नर्स ऑकलंडला आणि ब्रिस्बेनला गेल्या आहेत. तिकडे त्या दुसऱ्यांच्या आजी-आजोबांना अंघोळी घालतात आणि इकडे आपल्या आजी-आजोबांना पैसे पाठवतात. उरल्या त्यांच्यावर राज्य करायला सिस्टर लुपे. सिस्टर लुपेचे पाय संध्याकाळपर्यंत सुजून उशीएवढे होत. मग ती बादलीत पाय सोडून बसे आणि तिथूनच वॉर्ड चालवी. तिला हळू बोलता यायचं नाही. "बघ हं," असं ती सुरू करी, आणि तो 'बघ हं' धक्क्यावर बोटीची वाट बघणाऱ्यांनाही ऐकू जाई.

पहिली गोष्ट मात्र शाळेनं नीट विचारच न करता ठरवली होती. बाळंतपणं पुष्कळ, पण बाळंतिणी कोण?

आमच्या टोंगात भावानं बहिणीचा मान राखायचा म्हणजे कसा? बहीण खोलीत आली की भावानं उठून बाहेर जायचं. टीव्हीवर नवरा-बायको जरा जवळ सरकले की घरातल्या सगळ्या भावांना एकदम तहान लागते. अंगाबद्दल, लग्नाबद्दल, पोटातल्या बाळाबद्दल बहिणीसमोर चकार शब्द काढायचा नाही. आणि बहीण म्हणजे फक्त पाठची नव्हे. चुलत, मामे, मावस, आते, आणि त्यांच्याही पलीकडच्या, सगळ्या बहिणीच. एवढ्याशा बेटावर हे गणित मांडून बघा. सेमिसीला मावश्या होत्या, आज्या होत्या, पण बाळंत व्हायच्या वयाच्या ज्या होत्या त्या सगळ्या बहिणी.

त्यात त्याचं वळण चांगलं. कुणी भेटलं की आधी विचारायचं, कुठल्या गावच्या, कुणाच्या. पहिल्या बाळंतिणीच्या खाटेपाशी गेला आणि ट्रे हातात धरूनच त्यानं अदबीनं विचारलं, "ताई, आपण कुणाच्या?"

तिनं सांगितलं. ती त्याच्या आईच्या चुलत्याची नात निघाली. सेमिसीनं ट्रे ठेवला, मान खाली घातली आणि पाठमोरा चालत बाहेर पडला. वाटेत ऑक्सिजनचं नळकांडं आडवं केलं.

"बघ हं!" सिस्टर लुपे गरजली. "तुला विचारायला कुणी सांगितलं होतं? नर्स आहेस का भाट? यापुढे तोंडाला कुलूप!"

दुसऱ्या वेळी सेमिसी तोंडाला कुलूप लावून उभा राहिला. पण बाळंतिणीच्या तोंडाला कोण लावणार?

"हा कोण गं सिस्टर? बोलत नाही तो? मुका आहे?" ती म्हणाली. "नाक ओळखीचं वाटतंय. थांब, नाक बघू दे. हे नाक तर तेविताच्या घरातलं... आई गं! आली, आली कळ... गेली. हां, तर तेविताची आजी आणि माझी पणजी..."

"नका हो आठवू," सेमिसी कुलपाआडून पुटपुटला. तेविता म्हणजे त्याचे वडील.

"सख्ख्या बहिणी!" ती आनंदानं ओरडली, आणि सेमिसी पुन्हा व्हरांड्यात.

तिसरी अगदी दूरच्या बेटावरून आलेली. नातं नाही, नाक नाही, काही नाही. सेमिसीचा चेहरा असा उजळला की सिस्टरला दिवा लावावा लागला नाही. बाळाचं डोकं दिसायला लागलं तेवढ्यात बाईची आई सहज म्हणाली, "ही माझ्या पोटची नव्हे हो. लहानपणी दत्तक घेतली, तुमच्याच गावातून."

गाव कुठलं आणि घर कुठलं हे सांगत बसत नाही. सेमिसी व्हरांड्यात होता, एवढं सांगितलं की पुरे.

त्याच आठवड्यात मेलबर्नहून हेदरबाई आल्या. दवाखान्यात काम करणाऱ्यांच्या मनाची काळजी घ्यायला त्यांना पाठवलं होतं. त्यांनी सगळ्यांना गोल बसवलं. गोल म्हणजे चौघंजण. पाचवीला वॉर्डमध्ये थांबावं लागलं.

"सुंदर! सुं-दर!" हेदरबाई प्रत्येक वाक्याला म्हणायच्या, जणू समोर कुणी केक आणून ठेवतंय. "आता डोळे मिटा. मला सांगा, एक ते दहामध्ये तुमचा ताण किती?"

सिस्टर लुपेनं डोळे मिटले आणि ती तिथेच घोरायला लागली. हेदरबाईंनी अर्थ लावला की ताण एक.

मग त्या सेमिसीकडे वळल्या. "तू एकटा पुरुष. तुला इथे सामावून घेतलंय असं वाटतं का?"

"हो बाई," सेमिसी म्हणाला. "जरा जास्तच सामावून घेतलंय. सगळ्याजणी भाऊ मानतात."

"सुंदर!" हेदरबाई म्हणाल्या आणि काहीतरी लिहून घेतलं.

महिना सरत आला. शुक्रवारी राजधानीची बोट, सोमवारी परीक्षा. आणि बोटीच्या आधीच्या रविवारी कालिसी आली.

कालिसी म्हणजे सेमिसीच्या सख्ख्या काकाची मुलगी. एकाच आवारात, एकाच नीरफणसाखाली दोघं वाढली. लहानपणी तिनं त्याला खेकडे पकडायला शिकवलं होतं. पण ती वयात येऊन तिला मोठ्यांचा झगा आला त्या दिवसापासून दोघांत एक वाक्य झालं नव्हतं. तिला दारातून येताना पाहिलं आणि सेमिसी कुणी सांगायच्या आतच व्हरांड्यात जाऊन बसला. सवयच झाली होती. बाकाला त्याच्या बुडाचा आकार आला होता.

रविवारची सकाळ म्हणजे आमच्याकडे सगळं बेट चर्चमध्ये. रस्त्यावर फक्त डुकरं, आणि तीही जपून चालणारी. डॉक्टर आणि दुसरी नर्स ऑपरेशनच्या खोलीत एका फुटलेल्या अपेंडिक्सपाशी. आत सिस्टर लुपे एकटी. समोरच्या चर्चमध्ये भजन सुरू झालेलं. आमचं भजन म्हणजे छप्पर उचलून परत ठेवायचं काम.

आत बाळ रडलं. सेमिसीनं बाकावरच टाळ्या वाजवल्या. मुलगी असणार, आवाज कालिसीचाच.

आणि मग सिस्टर लुपे बोलली. हळू बोलली. तिला हळू बोलता येतं हे सेमिसीला तोवर माहीतच नव्हतं, आणि ते ऐकून त्याच्या पाठीवरची शिवण ताठ झाली.

"सेमिसी. आत ये. रक्त थांबत नाहीये. मला दुसरे हात हवेत."

तो उठला. दाराच्या मुठीवर आपला नीरफणसाचा पंजा ठेवला. आणि थांबला.

"सिस्टर, ती माझी बहीण आहे."

"माहीत आहे रे मला. आत ये."

पुस्तकात काय लिहिलंय ते त्याला पाठ होतं. बाळ झाल्यावर पिशवी आवळली नाही तर रक्त वाहतं, आणि बघता बघता माणूस जातं. परीक्षेत विचारलं असतं तर त्यानं पैकीच्या पैकी मार्क घेतले असते. पण पाय पुस्तक वाचत नाहीत. पायांना लहानपणापासून एकच धडा दिलेला, बहीण आत असली की तू बाहेर. चर्चमधल्या मंडळींनी एक कडवं सुरू केलं आणि संपवलं. सेमिसी मूठ धरून उभाच.

मग आतून दुसरा आवाज आला. पातळ, जणू कुणी पाण्याखालून बोलतंय.

"सेमिसी. मान कुणाचा मोठा? भावाचा का बहिणीचा?"

"तुझा," तो दाराला म्हणाला.

"मग मी सांगते. आत ये, गाढवा."

आता मात्र इलाज नव्हता. बहिणीचा शब्द. सेमिसी आत गेला, पण पाठमोरा. एवढं मोठं धूड खाटेच्या दिशेनं उलटं सरकत आलं. सिस्टर लुपेनं त्याचा हात मागच्या मागे ओढून कालिसीच्या पोटावर ठेवला. तोंड भिंतीकडे. भिंतीवर हात कसे धुवावेत याचा तक्ता.

"काय लागतंय हाताला?"

"मऊ. मळलेल्या कणकेसारखं."

"चोळ. जोरात. घट्ट होईपर्यंत सोडायचं नाही. मी इंजेक्शन देते आणि खालचं बघते."

सेमिसी चोळू लागला. हात मागे, डोळे तक्त्यावर. हात ओले करा. साबण घ्या. तळव्यावर तळवा घासा. बोटांच्या बेचक्यांत घासा. पुन्हा पहिल्यापासून. घाम डोळ्यांत गेला तरी त्यानं तक्ता सोडला नाही. पाठीवरची शिवण टरकन उसवली. आयुष्यात पहिल्यांदा ते नीरफणस उपयोगी पडत होते. हळूहळू हाताखाली काहीतरी आवळत गेलं, कोवळ्या शहाळ्यासारखं, मग जून नारळासारखं.

"सिस्टर, नारळ झाला."

"धरून ठेव."

बऱ्याच वेळानं सिस्टर लुपे म्हणाली, "थांबलं." आणि "बघ हं" असं जोडलं, मोठ्यानं. तेव्हा सेमिसीला कळलं की खरंच थांबलं.

"भिंतीवर काय लिहिलंय एवढं?" कालिसीनं विचारलं.

"अंगठे वेगळे घासावेत, असं लिहिलंय," सेमिसी म्हणाला.

ती हसली आणि लगेच कळवळली. मोठ्यांचा झगा आल्यापासूनचं, मध्ये दार नसलेलं, त्यांचं हे पहिलंच बोलणं. विषय साबण.

बाळ-बाळंतीण झोपल्यावर सिस्टर लुपे बादलीत पाय सोडून बसली. सेमिसी समोर उभा, उसवलेली पाठ हातानं धरून.

"सिस्टर, माझं आजचं धरायचं ना?"

"काय धरू? बाळ आलं तेव्हा तू दाराबाहेर. आत आलास तेव्हा तोंड भिंतीकडे. बघ हं, तुझ्या हातांना मी शंभर मार्क देते. पण नियमात डोळे आहेत. मी काय सांगू शाळेला, विद्यार्थ्यानं तक्ता पाहिला?"

म्हणजे परीक्षा गेली. आणि वर घरी जाऊन तोंड दाखवायचं होतं, ते वेगळंच. भाऊ बहिणीच्या बाळंतपणात शिरला ही बातमी भजन संपायच्या आत बेटाला फेरी मारून आली होती. मामा म्हणाले, "झगा तरी घालून जायचास." या वेळी सेमिसीला मोठ्यानं हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं घरातली सगळ्यात मोठी, जुनी, फाटकी चटई कमरेला गुंडाळली. आमच्याकडे माफी मागायची ती अशीच. गळ्यात पानांची माळ घातली आणि तो आनासेइनी आत्याच्या अंगणात जाऊन जमिनीवर बसला. आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण. मान बहिणीचा मोठा, त्यातून ही सगळ्यांत थोरली. तिनं दे म्हटलं की भाऊ घरातलं डुक्करसुद्धा देतात आणि वर आभार मानतात. ती ओट्यावर खुर्चीत बसून अळूच्या पानात शिजवलेलं मटण खात होती. बोलायची ती पाद्र्यासारखी, शब्दाशब्दाला श्वास घेऊन, आणि स्वतःला 'आत्या' म्हणून.

"आत्या बघतेय," ती म्हणाली, "अंगणात एक चटई येऊन बसली आहे. चटईला काय हवंय?"

"माफी, आत्या."

"कशाची?"

"कालिसी आत असताना मी आत गेलो."

आत्यानं एक घास खाल्ला. नारळाचं दूध हनुवटीवर आलं ते पुसलं. "आणि त्याआधी बाहेर किती वेळ होतास? सिस्टरनं हाक मारल्यावर?"

"एक कडवं."

"मोठं का छोटं?"

सेमिसीची मान आणखी खाली गेली. "मोठं, आत्या. शेवटची ओळ दोनदा."

"आत्या त्याच भजनात होती. आत्यानंच ओढली ती ओळ." तिनं चमचा त्याच्याकडे रोखला. "एवढ्या वेळात बाईचं किती रक्त जातं रे? तू शिकलायस."

त्यानं सांगितलं. पुस्तकात होतं तसं, पेल्यांच्या हिशेबात.  

"मग माफी त्याची माग," आत्या म्हणाली. या वेळी श्वास न घेता.

सेमिसी मागू लागला. शब्द ठरवून आणलेले होते ते सगळे चुकीच्या गुन्ह्यासाठी होते. एकही चालेना. शेवटी तो नुसताच म्हणाला, "चुकलो."

"मान राखायचा म्हणजे पाठ फिरवायची, हे कुणी शिकवलं तुला?"

"तूच, आत्या."

"मी?" आत्यानं चमचा खाली ठेवला. "हं. शिकवलं असेल. तेव्हा आत्या धडधाकट होती, शिकवायला काय जातं." मग ती पुन्हा पाद्री झाली. "ऐक. बाळाचं नाव ठेवायचा हक्क आत्याचा. आत्यानं ठेवलंय पुइपुइ."

पुइपुइ म्हणजे पडदा, दोघांच्या मध्ये आड येतो तो. सेमिसीनं डोळे मिटले. ती पोरगी म्हातारी होईपर्यंत लोक विचारणार, हे असलं नाव का गं, आणि ती सांगणार.

"दुसरं. आत्याच्या भावांच्या, चुलतभावांच्या, मामेभावांच्या ज्या ज्या मुली बाळंत होतील, तिथे तू आत असायचंस. तोंड इकडे, भिंतीकडे नाही. हा आत्याचा हुकूम. कुणाला काही म्हणायचं असेल तर आत्या घरीच असते."

कुणाला काहीच म्हणायचं नव्हतं. आत्याला उलट बोलणारा माणूस आमच्या बेटावर अजून जन्मायचा आहे.

हुकमाचा पहिला मान लेसिएलीचा. आत्याच्या मामेभावाची मुलगी. बुधवारी दुपारी, जेवणाच्या वेळेला, कळा देतच ती वॉर्डात आली आणि दारातूनच म्हणाली, "कुठाय तो? आत्यानं सांगितलंय, बघ म्हणावं. नाहीतर डुक्कर नेईन म्हणते."

सेमिसी इथल्याही जनरेटरच्याच खोलीतून शिवलेला अंगरखा घालून आला.  खाटेपासून दोन हात लांबच, ट्रे पुढे धरून उभा राहिला.

"सेमिसी, मी लाजले तर चालेल," लेसिएली दात आवळून म्हणाली. "तू लाजलास तर लाथ घालीन. हात दे इकडे!"

त्यानं हात दिला. तिनं तो असा आवळला की मामांनी रग्बीत कधी आवळला नसेल. सिस्टर लुपे म्हणे, "बघ हं," आणि तो बघे. भिंत बाजूलाच होती. मान दोनदा तिकडे वळली, दोनदा त्यानं ती परत आणली. सिस्टरनं आपले हात त्याच्या हातांवर ठेवले, मग एक काढला, मग दुसराही. आणि ते निसरडं, निळसर, रागावलेलं एवढंसं माणूस त्या दोन पंजांत सबंध मावलं.

बाळ रडलं. त्यावर सेमिसी रडला. हुंदके देऊन, नाक वाहून, इतक्या मोठ्यानं की बाळ बिचारं गप्प झालं.

"सिस्टर," लेसिएली धापा टाकत म्हणाली, "याला कुणीतरी पाणी द्या. यात बाळंतीण कोण आहे?"

सिस्टर लुपेनं नाळ बांधली. तिच्या गुडघ्यापर्यंत सूज चढली होती. "काय पाहिलंस ते सांग," ती म्हणाली. "सगळं. क्रमानं."

"आधी... आधी डोकं," सेमिसी हुंदक्यांतून सांगू लागला. "तोंड खाली होतं. मग ते आपलं आपण वळलं, मांडीकडे. मग वरचा खांदा, मग खालचा. मान मोकळी होती, नाळ गुंडाळलेली नव्हती. मग एकदम सगळंच. सिस्टर, मी ओढलं नाही काही."

"ओढलं नाहीस ते पाहिलं मी."

"रडलो म्हणून मार्क कापणार का?"

"रडण्याबद्दल नियम काही म्हणत नाही. डोळे उघडे होते ना? झालं तर. मी शाळेला फोन करते." ती बादलीकडे निघाली आणि अर्ध्या वाटेत वळली. "शुक्रवारी बोट आहे म्हणजे शुक्रवारी आहे. आज बुधवार. फडकं घे आणि ही फरशी पूस. माझ्याकडे दुसरं कुणी नाहीये."